रोशन गेट ते चिकलठाणा

अब्बांची सायकल अजून आमच्या जिन्याखाली उभी आहे. काळी, जड, मागचं कॅरिअर डब्याच्या ओझ्याने एका बाजूला वाकलेलं. तिच्यावरून ते सत्तावीस वर्षं रोशन गेटहून चिकलठाणा एमआयडीसीत कामाला गेले. अंतर सात-आठ किलोमीटर. पहिली पाळी सकाळी सातची. फजरची नमाज झाली की निघायचे, दुपारी साडेतीनला सुटी आणि सव्वाचारला गल्लीच्या तोंडाशी घंटा. अम्मी घड्याळ बघत नसे. घंटा ऐकली की चहा चढवायची.

मी नऊ वर्षं मुंब्र्यात राहून मुंबईत नोकरी केली. जाताना सव्वा तास, येताना दीड, शिवाय स्टेशनपर्यंतचा शेअर रिक्षा. माझ्या येण्यावर कुणी चहा चढवू शकलं नसतं. परत आलो तेव्हा लोक विचारायचे, मुंबई का सोडली? मी म्हणायचो, वेळेसाठी. छोट्या शहरात माणसाला वेळ मिळतो, हे उत्तर मी बरीच वर्षं देत आलो. आता ते पूर्ण खरं वाटत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आपलं शहर वसलं तेच मुळी चालणाऱ्या माणसाच्या मापाने. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी गावी राजधानी बांधायला घेतली. आधी पाण्याची सोय केली. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, केवळ उताराच्या जोरावर, वस्तीत आणलं. १६१२चा भडकल दरवाजा त्याच काळातला. पुढे १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला, शहराला त्याचं नाव मिळालं आणि १६८२ मध्ये तटबंदीचं काम सुरू झालं. दिल्ली दरवाजा ते पैठण गेट, किंवा मकाई दरवाजा ते रोशन गेट, या टोकापासून त्या टोकाला मी अनेकदा चाललो आहे. रमतगमत गेलं तरी पाऊण तासाच्या वर लागत नाही.

सिझारे मार्चेटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एका लेखात याचं गणित मांडलं होतं. माणूस कुठल्याही काळातला असो, दिवसाकाठी साधारण एक तास जाण्यायेण्यात घालवतो, असं त्याचं म्हणणं. याकोव्ह झहावी या अभ्यासकाच्या आधीच्या कामावर त्याने ते उभं केलं होतं. माणूस ताशी पाच किलोमीटर चालतो, म्हणजे तासाभरात जाऊन परत यायचं तर अडीच किलोमीटरच्या पलीकडे जाता येत नाही. जुनी तटबंदीची शहरं त्या मापात बसतात. वाहन वेगवान झालं की तास तेवढाच राहतो आणि शहर पसरतं. हे वाचलं तेव्हा मला आधी आठवले ते आपले पुरे. करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा. मुघल फौजेतल्या राजपूत सरदारांच्या नावाच्या या वस्त्या. सरदाराची हवेली मध्ये आणि त्याचे शिपाई, कारागीर, नोकरचाकर भोवती. मालक आणि चाकर एकाच पुऱ्यात. अजान जिथवर ऐकू यायची, तेवढ्यातच बहुतेकांचं रोजचं जग संपत असेल.

याचा अर्थ ते दिवस सुखाचे होते असा कुणी काढू नये. हिमरू विणणाऱ्यांच्या घरातच माग असायचा, म्हणजे कामाला जायचा रस्ता दोन पावलांचा. पण मग कामाला सुटीची वेळही नसायची. पोरंसोरं, बायका, सगळं घर मागाला बांधलेलं. हिमरूची ही कला मुहम्मद तुघलकाने १३२७च्या सुमारास दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलवली तेव्हा इकडे आली असं सांगतात. आमच्या भागातली ती सगळ्यात गाजलेली सक्तीची बदली म्हणायची.

निजामाने १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला नेली आणि शहर सुस्तावलं. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाड-हैदराबाद मीटरगेज रेल्वे आली. स्टेशन तटाच्या बाहेर लांब पडलं, त्यामुळे टांगेवाल्यांची सोय झाली. जालन्याच्या दिशेला पुढे चिकलठाणा हे छोटं स्टेशन. ही रेल्वे राज्याच्या मालासाठी आणि लांबच्या प्रवाशांसाठी होती. सकाळी कामगार नेऊन संध्याकाळी परत आणण्याचा विचार तिच्यात नव्हता. आजही नाही. मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड या पट्ट्याच्या कडेने रूळ जातात, पण एकेरी मार्गावर पाळीच्या वेळेला धरून एक लोकल सोडावी असं कुणाला सुचलेलं नाही. निजामाच्या सरकारने १९३२ मध्ये २७ गाड्यांवर सरकारी बससेवा सुरू केली होती, देशात फार लवकर. पण तिचाही रोख गावाहून गावाला जाण्याचा होता, शहरातल्या शहरात नव्हता.

मग एमआयडीसी आली. महामंडळ १९६२चं, आणि चिकलठाण्याच्या शेतांवर शेड उभ्या राहू लागल्या. १९६१च्या जनगणनेत शहर लाखाच्या आत होतं. १९७२ मध्ये सिडकोने नवीन औरंगाबादची आखणी हाती घेतली. त्याच वर्षी मराठवाड्यात मोठा दुष्काळ. खेड्यातून आलेला माणूस गावी परतण्यापेक्षा कंपनीच्या गेटवर उभा राहू लागला. सिडकोच्या आखणीत अक्कल होती, हे मान्य करायला हवं. एन-वन ते एन-तेरा सेक्टर जुनं शहर आणि कारखाने यांच्या मध्ये बसवले. एन-वनमधून चिकलठाणा एमआयडीसीत चालत जाता येतं. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि चिकलठाण्यासारखी आसपासची गावं तिच्या हद्दीत आली. कागदावर गाव शहर झालं, आठवडी बाजार मात्र तसाच भरत राहिला.

मग अब्बा सत्तावीस वर्षं रोशन गेटहूनच का गेले? कंपनीजवळ का नाही राहिले? लहानपणी मला वाटायचं, दादीमुळे. खरं कारण मला फार उशिरा कळलं.

१९८८च्या सुरुवातीला अब्बांनी मुकुंदवाडीकडे दोन खोल्या पाहिल्या होत्या. इसारही दिला होता. मे महिन्यात महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीनंतर शहरात दंगल झाली. कर्फ्यू उठल्यावर घरमालक स्वतः आमच्या घरी आले, इसाराचे पैसे मोजून परत दिले. म्हणाले, "शेखभाई, मला काही अडचण नाही हो. पण गल्लीचं मी कसं सांगू?" अब्बांनी त्यांना चहा पाजून पाठवलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे अब्बा शेवटपर्यंत सांगत. दादी तेवढी म्हणाली, "अच्छा हुआ, यहींच रहो." त्यानंतर घर बदलण्याचा विषय निघाला नाही. जाताना पंधरा-वीस मिनिटं आणि येताना तेवढीच, अशी रोजची वाढीव चाळीस मिनिटं त्या एका चहावर ठरली. सत्तावीस वर्षांचा हिशेब मी एकदा मांडायला घेतला होता, मध्येच कागद ठेवून दिला.

मुंबईतही मला हेच दिसलं. मोठं शहर म्हणजे लांबचा प्रवास, असा काही निसर्गनियम नाही. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली, तरी त्यानंतर शंभर वर्षं गिरणगावातला कामगार भोंगा ऐकून चाळीतून निघायचा आणि चालत खात्यात पोचायचा. मदनपुऱ्यातले मोमीन विणकर तर मागाशेजारीच झोपायचे. कोंदट खोल्या होत्या, पण रस्ता दहा मिनिटांचा होता. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जमिनींचे भाव चढले, माणसं कल्याण-विरारकडे सरकली. आणि १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला गेली. तीही स्वस्त घरासाठीच गेली असं म्हणता येईल, पण अर्धंच. सीएसएमटीपासून मुंब्रा चाळीस किलोमीटर. त्यातले किती किलोमीटर भाड्यामुळे आणि किती भीतीमुळे, हे वेगळं काढता येत नाही. रमजानमध्ये दिव्याच्या आधी डब्यात मगरीब व्हायची. दारात लटकलेला कुणी अनोळखी आतल्या माणसाकडून खजूर घेऊन पुढे द्यायचा, पाण्याची बाटली हातोहात फिरायची. त्या डब्यातली ती माया मी विसरणार नाही. पण ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं रुळांवर पडली, काही जण गेले, तेव्हा मी ज्या दारात उभा राहायचो तेच दार डोळ्यांसमोर आलं.

चिकलठाण्याचा एक दिवसही असाच. २६ एप्रिल १९९३. दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचं विमान चिकलठाणा विमानतळावरून उडालं आणि धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं. ११८ जणांपैकी ५५ मेले. गावाचा रस्ता, गावचा कापूस आणि विमान एकाच जागी येण्याइतकं ते शहर घाईत वाढलं होतं. अब्बा पाळीवर होते. सव्वाचार वाजले, पाच वाजले, घंटा नाही. घरात फोन नव्हता. अम्मी दारात उभी. गल्लीत कुणालाही विमान सुचलं नाही. मुंबईच्या दंगलीला चार महिनेही झाले नव्हते. सगळ्यांच्या मनात एकच आलं. एक शेजारी येऊन सांगून गेला की विमान पडलंय, रस्ता बंद आहे, तेव्हा अम्मीच्या तोंडून आधी "अल्हम्दुलिल्लाह" निघालं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि ती बराच वेळ रडत होती. अब्बा सातला आले, सायकल हातात धरून, चालत.

आजच्या शहराची गोष्ट वेगळी आहे. बजाज १९८५ला वाळूजला आली, स्कोडा २००१ला शेंद्र्याला. काम शहराच्या दोन टोकांना गेलं आणि मध्ये एकच जालना रोड. वाळूजला राहणारा शेंद्र्याला जातो, मुकुंदवाडीचा वाळूजला येतो, दोघे सेव्हन हिल्सला समोरासमोर अडकतात. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं, जालना रोडचं तेवढं राहिलं. समृद्धीवरून लांबच्या शहरांचा प्रवास तासांनी कमी झाला, पण जुन्या शहरातून शेंद्र्याला गर्दीच्या वेळी बसने तास लागतो. २०१९ पासून स्मार्ट सिटीच्या बस आहेत, चांगल्या आहेत, पण जुन्या मोहल्ल्यांच्या बोळांत त्या शिरू शकत नाहीत. शिवाय जो वेळ रस्त्यात वाचतो तो नळाजवळ जातो. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर भरलेलं आणि पाणी आठवड्यातून एकदा. पाण्याच्या दिवशी घरातल्या एकाने कामाला दांडी मारायची, हा आमच्याकडचा रिवाज आहे. मुंब्र्यात निदान ही सबब नव्हती.

आणि मग ऑरिक. शेंद्रा-बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकर. त्याच्या जाहिरातीत एक गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात: इथे घर आणि काम इतकं जवळ असेल की चालत जाता येईल. वाचून हसू आलं. मलिक अंबरकडे दुसरा इलाज नव्हता म्हणून जे झालं, तेच आता चारशे वर्षांनी सोय म्हणून विकायला आहे. कल्पनेला माझा विरोध नाही. मला फक्त एवढं विचारायचं आहे की चालत जाण्याच्या अंतरावरची ती घरं कुणाला मिळतील. इसार परत करायला येणारा माणूस तिथेही चहा पिऊन जाईल का?

माझ्या भाचीला यंदा शेंद्र्याला नोकरी लागली, तपासणी विभागात. पगार बरा आहे. कंपनीची बस जालना रोडवर थांबते, रोशन गेटला नाही. पहाटे मधलं दोन किलोमीटर एकटीने कसं जायचं, यावर घरात आठ दिवस खल झाला. तिच्या आईने नोकरी सोड म्हणून सांगून पाहिलं. शेवटी मी म्हणालो, मी सोडतो.

तेव्हापासून पावणेसहाला स्कूटर काढतो. ती मागे बसून बस कुठवर आली ते मोबाइलवर बघत असते. आकाशवाणीपाशी बस आली की उतरते, डबा विसरला नाही ना ते चाचपते आणि चढते. दुपारच्या वेळेचं मात्र काही खरं नाही. कधी साडेचार, कधी पावणेसहा. आपा तिचा फोन आल्याशिवाय चहा ठेवत नाही.