चावीवाल्याचा कान

नायगावला रूळ नाही. आमच्या दादांची नोकरी गोदावरीच्या पल्याड, करखेली-उमरीकडं. उमरी म्हटलं की लोकांना 1948 ची बँकेची लूट आठवते. मला वडिलांच्या खांद्यावरचा घण आठवतो.

मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग निजामाच्या राजवटीत, 1900 च्या सुमारास झाला. दादा त्यावर कीमन. की म्हणजे चावी, पण कुलपाची नव्हे; रूळ स्लीपरला आवळून धरणारी लोखंडी पाचर. गाडीच्या हादऱ्यानं ती सैल व्हायची. दादा पहाटे निघायचे, पाना, घण, लाल-हिरवी झेंडी घेऊन, आणि आपला पाच-सहा किलोमीटरचा पट्टा पायी तपासायचे. घट्ट चावी घणाखाली खणखणते, सैल असली की बद्द वाजते. आईनं बाजारातून माठ आणला तरी आधी ते टिचकी मारून बघायचे, मगच पाणी भरलं जायचं.

पुढं रूळ रुंद झाले, 1000 मिलिमीटरचे 1676. सांधे वेल्ड झाले, ठकठक गेली. चावीच्या जागी स्प्रिंगची क्लिप आली. कीमन हे नाव तेवढं उरलं.

मला मिळालं रुळातल्या भेगा शोधणाऱ्या अल्ट्रासोनिकच्या ढकलगाडीवरचं काम. पहिल्याच दिवशी हातात पाण्याचा कॅन दिला. मला वाटलं, प्यायला! ते पाणी रुळावर सोडायचं. यंत्राचा प्रोब आणि रूळ यांच्यामध्ये हवा राहिली तर ध्वनिलहर पोलादात शिरतच नाही. शिरली, की भेगेवर आपटून लवकर परतते आणि पडद्यावर टोक उठतं. हा आवाज माणसाच्या कानाला लागत नाही. भेग साधी असेल तर रुळावर लाल रंगाची एक फुली, धोक्याची असेल तर तीन. मग गाड्यांचा वेग कमी करायचा आणि तो तुकडा तातडीनं बदलायचा. नोंदी आधी रजिस्टरात असत, आता संगणकात जातात. उन्हाळ्यात मात्र आजही माणूस चालतोच, रूळ तापून वाकडा झाला का ते बघायला.

रिटायर झाल्यावर दादा एकदा फाटकावर आले. पडद्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. एका वेल्डपाशी वाकले, काठीच्या लोखंडी टोकानं रूळ दोनदा वाजवला, कान दिला.

"खणखणीत आहे की रे."

यंत्रानं त्याच वेल्डवर तीन फुल्या सांगितल्या होत्या. मी काही बोललो नाही. लाल रंगाचा डबा उघडला.