अफवांचे वय : खानदेशातील डिझेलगाड्या आणि काही समज

खानदेशातील कोणत्याही बाजारगावी पहाटे उभे राहिले, तर डिझेलवर चालणाऱ्या लहान मालगाड्यांची रांग दिसते. रावेर-सावद्याकडे त्यांत केळीचे घड असतात, दोंडाईचाकडे मिरचीची पोती. या गाड्यांभोवती, चालकांच्या गप्पांत आणि गॅरेजच्या बाकड्यावर, समजुतींचा मोठा साठा जमलेला आहे. थोडे रॉकेल मिसळले तर अॅव्हरेज वाढते. इंजिन बंद करून पुन्हा चालू करण्यापेक्षा चालू ठेवलेलेच परवडते. काळा धूर ही ताकदीची खूण. डिझेल पेट घेत नाही. आम्ही साहित्याचे अध्यापक. यंत्रशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु लोककथा शिकवताना एक प्रश्न आम्ही नेहमी विचारतो : ही कथा प्रथम कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत खरी वाटली असेल? तोच प्रश्न या समजुतींना विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ नावांपासून करू. आपण ज्याला ‘टेम्पो’ म्हणतो तो शब्द मूळचा एका जर्मन कारखान्याचा. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने हॅम्बुर्गच्या त्या कारखान्याच्या परवान्याने तीनचाकी गाड्या काढल्या. २००५ मध्ये कंपनीने स्वतःचे नाव बदलून फोर्स मोटर्स केले. पण आपल्याकडे अजूनही भाड्याने ठरतो तो ‘टेम्पो’च, मग तो १९८६ मध्ये आलेला टाटा ४०७ असो वा बोलेरोचा पिकअप. वस्तू बदलते आणि शब्द मागे उरतो, हे भाषेच्या अभ्यासकाला नवे नाही. समजुतींचेही असेच होत असावे, असे आम्हांस वाटते.

खानदेशी शेतकऱ्याची डिझेलशी पहिली ओळख रस्त्यावर झाली नाही, विहिरीवर झाली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली स्थापन झाली, आणि पुढील दशकांत मोटेची जागा ‘ऑइल इंजिना’ने घेतली. एक सिलिंडर, जड चाक, संथ गती आणि हाताने फिरवायचे हँडल असे ते यंत्र होते. हँडल मारून ते सुरू करणे कष्टाचे काम. म्हणून एकदा सुरू झालेले इंजिन उगाच कोणी बंद करीत नसे. इंधनाच्या बाबतीतही ते फारसे चोखंदळ नव्हते. इंजिन चालू ठेवण्याची सवय आणि ‘काहीही घातले तरी चालते’ हा विश्वास, या दोहोंचे मूळ आम्हांस त्या विहिरीच्या काठी दिसते. तिथे या गोष्टी अफवा नव्हत्या. तो अनुभव होता.

किंबहुना या विश्वासाला खुद्द यंत्राच्या जन्मकथेचाही आधार आहे. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे झाली, तेव्हा इंधन होते दिव्याचे पेट्रोलियम, म्हणजे आपले रॉकेलच. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. यावरून ‘डिझेलसाहेबांनी इंजिन मुळात शेंगदाणा तेलासाठीच बनवले’ अशी आणखी एक दंतकथा जगभर पसरली. वस्तुतः तो प्रयोग फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून झाला होता आणि डिझेल यांच्या आरंभीच्या कल्पनांत कोळशाच्या भुकटीलाही स्थान होते. शेंगदाणा पिकवणाऱ्या आपल्या प्रदेशाला ही कथा गोड वाटावी, यात नवल नाही.

परंतु इंजिन बदलले. आजच्या पिकअपमध्ये डिझेल हजाराहून अधिक बार दाबाने, केसासारख्या बारीक छिद्रांतून फवारले जाते. पंप आणि नोझल यांचे वंगण स्वतः डिझेलच असते, आणि रॉकेलमध्ये ते वंगणाचे गुण कमी असतात. मिश्रणाने वाचलेले पैसे पंप-नोझलच्या दुरुस्तीत जातात, हे कोणताही जाणता फिटर सांगतो. तरीही समज टिकला, कारण त्याला अज्ञानापेक्षा भावाचा आधार मोठा होता. रेशनचे निळे रॉकेल आणि डिझेल यांच्या दरांत २०११च्या सुमारास तिपटीएवढी तफावत होती. जिथे एवढी तफावत असते तिथे ‘काही होत नाही’ हे वाक्य कोणाच्या तरी फायद्याचे असते.

त्याची किंमत आपल्या शेजारीच मोजली गेली. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ, इंधनातील भेसळीचा प्रकार पकडण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. राज्यभरातील शासकीय कर्मचाऱ्यांनी निषेधार्थ काम बंद ठेवले. पुढे २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर टप्प्याटप्प्याने वाढवला गेला आणि २०२०पर्यंत अनुदान संपले. भेसळीचे मोठे आमिष असे धोरणाने कमी झाले. गॅरेजच्या बाकड्यावरील निरुपद्रवी वाटणाऱ्या वाक्याचे दुसरे टोक कुठे असते, हे मात्र त्या जानेवारीने दाखवले होते.

‘डिझेल पेट घेत नाही’ हा समजही असाच अर्धा खरा. थंड डिझेलवर जळती काडी पडली तर ती बहुधा विझते. पेट्रोलचे तसे नाही. पण भारतीय मानकानुसार वाहनांच्या डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस एवढाच अपेक्षित आहे. त्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो. थंड मुलुखात कदाचित निभावणारी ही समजूत आपल्या उन्हाळ्यात उघड्या कॅनशेजारी विडी ओढणाऱ्याचा जीव घेऊ शकते. अफवेला वय असते, तसा प्रदेशही असतो.

इंजिन चालू ठेवण्याची किंमत बहुतेकदा चालक देत नाही. भरणी होईपर्यंत गाडी धडधडत राहते आणि तिच्या मागे हमाल उभे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. काळा धूर ही ताकद नव्हे, ते अर्धवट जळलेले इंधन आहे. आणि आता सेल्फ मारला की इंजिन सुरू होते, हँडल फिरवावे लागत नाही.

जुन्या समजुती विरत असताना नव्या जन्मतातही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर अनेक मालवाहू गाड्यांत युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. लगेच समज निघाला : खताचा युरिया पाण्यात कालवला की काम भागते. वास्तविक त्या द्रावणात साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि क्षाररहित पाणी असते. शेतीचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाने लेपित केलेला असतो, आणि तो लेप धूर शुद्ध करणारी यंत्रणा बिघडवतो. शिवाय खरिपात युरियासाठी रांगा लागणाऱ्या जिल्ह्यांत खताचे पोते गाडीकडे वळणे म्हणजे कोणाच्या तरी कपाशीच्या वाट्याचे जाणे.

आमच्या वर्गात पिकअप चालवणाऱ्यांची मुले-मुली बसतात. वडील-काकांचे म्हणणे खोटे, असे त्यांना सांगणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही आणि ते पुरतेपणी खरेही नाही. त्या माणसांनी जे पाहिले ते एका इंजिनापुरते खरे होते. म्हणून आम्ही एवढेच सुचवतो : ‘पूर्वीपासून असेच चालत आले आहे’ असे कोणी म्हणाले, तर आदराने विचारावे, ‘आबा, कोणत्या इंजिनावर?’