यंत्रशाळेतील गुरुपरंपरा

यंत्राची रचना ग्रंथ वाचून समजते. परंतु कोणास कोणते काम सोपवावे, माल कसा पारखावा व अनेक हातांचे काम एकमेळाने कसे पार पाडावे, ही कारखाना चालविण्याची विद्या जाणत्या माणसाच्या सहवासावाचून सहसा साध्य होत नाही. इंग्लंडातील हेन्री मॉडस्ले याची कार्यशाळा हे याचे ठळक उदाहरण होय.

मॉडस्लेचा जन्म १७७१ साली वुलविच येथे झाला. बाराव्या वर्षी तो तेथील शस्त्रागारात काडतुसे भरण्याच्या कामास लागला. पुढे सुतारकाम व लोहारकाम शिकला. अठराव्या वर्षी त्यास लंडनचा विख्यात कुलूपकार जोसेफ ब्रामा याने आपल्या पदरी घेतले, आणि थोड्याच काळात तो तेथील मुख्य कारागीर झाला. ब्रामाची कल्पकता असामान्य खरी. तथापि १७९७ साली मॉडस्लेने आपल्या आठवड्याच्या ३० शिलिंगांत वाढ मागितली असता ती त्याने नाकारली, आणि आपला सर्वोत्तम माणूस गमावला. यंत्र जाणणे निराळे व माणूस जाणणे निराळे, हाच या प्रसंगाचा बोध.

मॉडस्लेने मग स्वतःची कार्यशाळा थाटली. मार्क ब्रुनेल याने आखलेली, जहाजांच्या कप्प्या करणारी यंत्रे त्याने पोर्ट्समथच्या गोदीसाठी घडविली. पूर्वी ११० कुशल कारागीर जे काम करीत, ते या यंत्रांवर १० साधे मजूर करू लागले. त्याच्या कार्यशाळेत आणखी एक शिस्त होती. त्या काळी प्रत्येक बोल्टास त्याचीच नट लागे; मॉडस्लेने आपल्या कामात आट्यांना एकच मापपद्धती लावली.

१८२९ साली एडिंबरोचा जेम्स नॅस्मिथ हा तरुण स्वतः केलेले वाफेच्या यंत्राचे नमुने घेऊन त्याच्याकडे आला. शुल्क घेऊन उमेदवार ठेवणे मॉडस्लेने तेव्हा बंद केले होते. परंतु ते काम पाहून त्याने नॅस्मिथला आपल्या खाजगी कार्यशाळेत साहाय्यक नेमले. गुरूच्या शेजारी उभे राहून नॅस्मिथ शिकला, की आधी हेतू मनात स्पष्ट करावा, माल वाया घालवू नये आणि ज्या भागाचे प्रयोजन सांगता येत नाही तो यंत्रात ठेवू नये. १८३१ साली मॉडस्ले निवर्तला. पुढे १८३६ साली नॅस्मिथने मँचेस्टरजवळ स्वतःचा मोठा कारखाना उभारला व १८४२ साली वाफेच्या घणाचे पेटंट घेतले.

जोसेफ क्लेमंट, रिचर्ड रॉबर्ट्स आणि जोसेफ व्हिटवर्थ हेही त्याच कार्यशाळेत तयार झाले. गुरूने एका छपराखाली लावलेली आट्यांची शिस्त व्हिटवर्थने १८४१ साली साऱ्या देशापुढे मांडली. आपल्याकडील जुन्या यंत्रांवरही व्हिटवर्थचे आटे आढळतात, ते या परंपरेचेच फळ.

आज आपली मुले अभियांत्रिकीच्या पदव्या संपादन करीत आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु पदवी हाती येताच शिक्षण संपले असे त्यांनी मानू नये; जाणत्या सहकाऱ्याजवळ काही वर्षे नम्रपणे काढावीत. आणि ज्ञातीतील ज्या वडीलधाऱ्यांनी कारखान्यांत आयुष्य वेचले, त्यांनी आपली विद्या मुठीत झाकून ठेवू नये. मॉडस्लेची विद्या त्याच्याबरोबर गेली नाही, कारण त्याने ती हयातीतच वाटून टाकली होती.