सूचिपर्णींची सुगंधी तेले : प्रस्तावना

सोलापूरच्या उन्हात देवदार रुजत नाही, चीडही नाही. बागांच्या कडेला रांगेने उभा असतो तो सुरू. दिसायला तसाच, पण तो सपुष्प कुळातला. त्याच्या ‘सुया’ म्हणजे पेरापेरांच्या हिरव्या काड्या. तरीही हा विषय आपल्याला परका नाही. पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात देवदार, तालीसपत्र, हपुषा मागितले की पुडी बांधून मिळते. बाळंतिणीचा देवदार्वादी काढा आणि खोकल्याचे तालीसादी चूर्ण घरोघरी माहीत आहे. रंगाऱ्याच्या डब्यातले टर्पेंटाइनही मुळात चिडाच्या चिकाचेच.

सुगंधी तेलांच्या उपचाराचे अरोमाथेरपी हे नाव मात्र अलीकडचे. फ्रेंच रसायनज्ञ गातफोसे यांचे त्या नावाचे पुस्तक १९३७ चे. ही तेले आणि वरचे काढे एक नव्हेत: काढ्यात पाण्यात उतरणारी द्रव्ये येतात, तर तेलात वाफेबरोबर उडून येणारा अंश तेवढा. काढ्याचे गुण तेलाच्या खात्यावर जमा करणे ही या व्यवसायातली सर्रास चालणारी लबाडी आहे.

कागदाच्या दोन पट्ट्यांवर चिडाच्या आणि देवदाराच्या तेलाचा एकेक थेंब टाकून पाहा. चिडाचा वास झटकन नाकात शिरतो आणि लवकर ओसरतो, कारण पिनीन, कॅरीन हे हलके रेणू. देवदारातले हिमाचलीन जड. ती पट्टी दुसऱ्या दिवशीही दरवळते. म्हणून मोकळे वाटावे यासाठी चीड किंवा फर वृक्षाचे तेल हुंगतात, आणि मिश्रणाचा वास टिकावा म्हणून देवदार घालतात. लोकरीच्या घोंगडीला कसर लागू नये म्हणूनही देवदार जवळ ठेवावा. हुंगल्यावर बरे वाटते हे खरेच. पण सुगंध लपवून चाचणी घेणे अवघड, त्यामुळे आजार बरे करण्याच्या दाव्यांना आधार तोकडा आहे.

देवदार म्हणून घेतलेल्या बाटलीवर नुसते ‘सीडरवूड’ असेल तर वनस्पतीचे लॅटिन नाव विचारा. व्हर्जिनियाचे सीडर म्हणजे जुनिपर, हपुषेचा भाऊबंद. 

आपल्याकडे खरी अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि अर्धवट झाकलेल्या बाटलीतले तेल हवेशी संयोग पावून बिघडते. अशा तेलाने अंगावर पुरळ उठते. तेव्हा गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, जागा फ्रीजमध्ये. निव्वळ तेल कातडीला लावू नका, पोटात तर कधीच घेऊ नका. मुलांचा हात पोहोचेल अशा जागी बाटली नको. गिळलेले टर्पेंटाइन फुफ्फुसात उतरू शकते. आणि चिडाचे तेल चिकट, उग्र झाले की ते सरळ टाकून द्या.