खानखोजे यांचा मेक्सिको

वर्ध्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे आपल्याकडे गदर चळवळीतले क्रांतिकारक म्हणूनच ओळखले जातात. १९२४ साली ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा त्यांनी काढल्या. त्या काळात तिथे क्रांतीचे राज्य एका पक्षाचे राज्य होत होते. मला कुतूहल आहे ते या घडामोडीचे.

१९२८ मध्ये निवडून आलेले अध्यक्ष ओब्रेगॉन यांचा खून झाला. पुढल्याच वर्षी काय्येस यांनी सेनानी आणि प्रांतोप्रांतीचे पुढारी एका पक्षात गोळा केले. भांडणे मिटली नाहीत. ती रणांगणावरून पक्षकचेरीत आली. १९३६ मध्ये कार्देनास यांनी खुद्द काय्येस यांनाच हद्दपार केले. १९३८ मध्ये शेतकरी, कामगार, सैन्य आणि मध्यमवर्ग असे पक्षाचे चार विभाग झाले.

कार्देनास यांनी सुमारे १.८ कोटी हेक्टर जमीन वाटली. काम खरेच मोठे होते. पण जमिनीची मालकी राष्ट्राची, वहिवाट शेतकऱ्याची, कर्ज सरकारी बँकेचे आणि शेतकरी संघटना पक्षाची. मत वेगळे दिले तर पेरणीचे काय? जऊळक्यात पीककर्जासाठी ताटकळणाऱ्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

निवडणुका होत, विरोधी पक्षही होते. तरी अध्यक्षपद २००० सालापर्यंत त्याच पक्षाकडे राहिले. माझ्या मते त्याचे मूळ बंदुकीपेक्षा उपकारात अधिक आहे. जमीन मिळाली, पण ती हक्क ठरली नाही.