भरदिवसा शिकार करणारं घुबड

आमच्या जळगावच्या घरी दिवेलागणीनंतर घुबडाचं नाव काढायचं नाही, असा आजीचा दंडक होता. घुबड म्हणजे रात्र, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की सातपुड्यातलं एक घुबड भर उन्हात शिकार करतं, हे वाचून मी चक्रावलो. त्याचं नाव रानपिंगळा.

ब्लेविट यांनी १८७२ साली आजच्या छत्तीसगडात त्याचा पहिला नमुना मिळवला. पुढच्याच वर्षी ह्यूम यांनी त्याला ब्लेविटचं नाव दिलं. नंतर खानदेशात सनदी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांना तो इथे सापडला. १८८४ नंतर मात्र खात्रीचा एकही नमुना नाही.

त्यात भर पडली एका लबाडीची. आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीला हा पक्षी मारला, असं कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांनी सांगितलं होतं. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनचाच निघाला. ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला! मांडवी बाद झाली आणि शोध खऱ्या जागांकडे वळला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार वेगळा झाला तो पुढच्या वर्षी.

मग हा दिवसा का जागतो? सातपुड्याचं सागाचं रान उन्हाळ्याकडे निष्पर्ण होतं. सरडे, सापसुरळ्या उन्हातच हिंडतात, आणि उघड्या फांदीवरून जमीन स्वच्छ दिसते. कुठल्याही पक्ष्याने ‘आता दिवसा जागू’ असं ठरवलं नसणार. ज्यांना उजेडात जास्त भक्ष्य मिळालं, त्यांची पिल्लं जास्त जगली. असं असंख्य पिढ्या चालत आलं असावं, एवढंच. टंचाईचा हिशेब क्रूरही असतो: आईबापांनीच पिल्लू खाल्ल्याची नोंद फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी २००० साली प्रसिद्ध केली.

त्याचा भाऊबंद, साधा पिंगळा, माणसाच्या वस्तीत रुळला. गावच्या पिंपळाची ढोली, दिव्याखालचे किडे, त्याचं भागतं. रानपिंगळ्याला विरळ रान आणि ढोली असलेली जुनी झाडं लागतात. ज्या रानाने त्याच्या सवयी घडवल्या, त्याच्यावाचून त्या सवयी निरुपयोगी आहेत. सवय घडायला हजारो वर्षं लागतात, जुना साग पाडायला एक दुपार पुरते.

मागच्या हिवाळ्यात यावल अभयारण्यात गेलो होतो. सोबतच्या पावरा वाटाड्याने एका वठलेल्या झाडाकडे बोट दाखवलं. ढोली रिकामी होती. तो म्हणाला, “झाड उभं आहे ना, मग येईल.” मी तासभर थांबलो. पक्षी आला नाही. निघताना मी त्या झाडाची जागा वहीत टिपून घेतली. पुढच्या वर्षी निदान झाड आहे का, एवढं तरी बघता येईल.