उपवास, औषध आणि दोन धर्मशास्त्रे

बारामती म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला मोरोपंत आठवतात. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी स्थिरावलेला हा पंडितकवी १७९४ साली इथेच निवर्तला. त्यांच्या व्याह्यांचे नाव मात्र वर्गात फारसे निघत नाही. ते म्हणजे पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये, 'धर्मसिंधू'चे कर्ते. त्यांची मुलगी मोरोपंतांच्या घरी सून म्हणून आली होती, अशी नोंद महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात केली आहे. महाराष्ट्रात व्रतवैकल्यांच्या बाबतीत पुढे ज्याचा शब्द प्रमाण मानला गेला, तो 'धर्मसिंधू' १७९० च्या सुमारास पूर्ण झाला. म्हणजे तुकोबांची पालखी आज बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या ज्या वाटेने पंढरपूरला जाते, तिच्या एका टोकाला कवी होता आणि दुसऱ्या टोकाला निर्णयकार.

या निर्णयकाराकडे मी वळलो तो वाङ्मयीन कुतूहलाने नव्हे. माझी आई इंदापूरला असे. रक्तदाबाची गोळी ती रोज सकाळी न चुकता घेई, अपवाद महिन्यातल्या दोन एकादशांचा. "उपास आहे, आज गोळी नको," एवढेच तिचे उत्तर. दुपारी मात्र साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू व्हायचा. त्यातली विसंगती तिला दाखवण्याचे धाडस मला कधी झाले नाही.

ग्रंथ काय सांगतात? पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठांनी व्रत मोडत नाही, असे एक जुने वचन निबंधकार पिढ्यानपिढ्या आधाराला घेत आले. उपवासाला असमर्थ असलेल्यासाठी एकभुक्त, नक्त, हविष्यान्न, फळे, दूध, पाणी अशा पायऱ्या आहेत. पुत्राने किंवा पत्नीने प्रतिनिधी म्हणून उपवास करण्याचीही सोय आहे. 'उपवास' या शब्दाची जी व्युत्पत्ती शास्त्रकार देतात, तिच्यात पापांपासून परतून सद्गुणांच्या सहवासात राहणे आहे. देह वाळवणे नाही. असे असता घडले काय? दुर्बलांना दिलेली फळांची आणि दुधाची सवलत समर्थांनी आपल्या ताटात ओढून घेतली. पुढे अमेरिका खंडातून आलेले बटाटे आणि शेंगदाणे तीत सामील झाले, साबुदाणाही आला. यादीतले शेवटचे नाव तेवढे गळून पडले. माझ्या मते हा केवळ विस्मृतीचा दोष नाही. खिचडी ही चवीची गोष्ट, तिला वकील मिळाला. औषधाची बाजू मांडायला कोणी नव्हते, कारण ते घेतल्याने आपला उपवास 'सोपा' झाला असे वाटते, आणि सोपा उपवास खोटा, अशी आपल्या मनाची धारणा असते.

सोपा केलेला उपवास खरा असतो का, हा प्रश्न दुसऱ्या एका धर्मशास्त्राने याहून कितीतरी काटेकोरपणे हाताळला आहे. ते यहुदी धर्मशास्त्र. आणि त्याचे अनुयायीही आपल्या मराठीतच वाढले. कोकणातले बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली', हे पुढे लष्कराच्या नि सरकारी नोकऱ्यांच्या निमित्ताने पुण्यात आले. रास्ता पेठेतले त्यांचे सुक्कथ शेलोमो हे प्रार्थनामंदिर १९२१ चे. यहुद्यांचा सर्वांत मोठा उपवास योम किप्पूर. सुमारे पंचवीस तास अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. बेने इस्रायलांच्या बोलीत मात्र त्याचे नाव 'दरफळणीचा सण', म्हणजे दारे लावून घेण्याचा सण, असे हाईम सॅम्युएल किहीमकर सांगतात. त्यांचा इतिहासग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. दुसऱ्या दिवसाला 'शिळा सण' म्हणत. आब महिन्याच्या नवमीचा उपवास वालाच्या बिरड्याने सोडत, म्हणून तो 'बिरड्याचा'. हिब्रू ग्रंथांशी संबंध तुटलेल्या काळातही या समाजाने आपले उपवास दार, शिळे अन्न आणि बिरडे अशा घरगुती खुणांनी लक्षात ठेवले. हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणण्याचे मोठे काम जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी केले, तेही एकोणिसाव्या शतकात.

आता मूळ प्रश्न. तोरेची आज्ञा आहे ती 'जिवाला क्लेश द्या' अशी. शब्दशः घेतली तर डोकेदुखी हे पुण्यच ठरेल. पण तालमुदातल्या पंडितांनी ही शंका आधीच काढून ठेवली आहे: मग उन्हात किंवा थंडीत बसून देहाला त्रास द्यायचा का? उत्तर नकारार्थी आहे. त्या दिवशी काम न करणे हे जसे 'न करणे' आहे, तसाच क्लेशही 'न खाणे' एवढाच. तो शोधत जायचा नाही. उलट आदल्या दिवशी, नवमीला, पोटभर खाणे हेही धर्मकृत्य मानले. जो नवमीला जेवतो त्याने दोन्ही दिवस उपवास केल्यासारखे आहे, इतके ते पंडित म्हणून गेले.

या एका निर्णयातून पुढचे सारे निघते. उपवासाच्या दिवशी कॉफी न मिळाल्याने ज्यांचे डोके भणभणते, त्यांना कॅफीनची गुदमार्गाने घ्यायची वडी अनेक आधुनिक रब्बींनी मोकळी ठेवली, कारण ते खाणे नव्हे. उपवास सुरू होण्यापूर्वी गिळलेली, हळूहळू विरघळणारी गोळी तर प्रश्नाच्या बाहेरच राहते. योम किप्पूरच्या डोकेदुखीवर १९९५ मध्ये मज्जाविकारांच्या एका नियतकालिकात अभ्यासही प्रसिद्ध झाला. आजाऱ्याने कडू गोळी पाण्याविना गिळली तर ते 'खाण्याच्या रीतीचे' खाणे नाही, असे पुष्कळांचे मत.

आणि ज्याला खरोखरच धोका आहे, त्याच्यासाठी युक्त्याही लागत नाहीत. योसेफ कारो यांचा 'शुल्हान आरूख' १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला. त्यात स्पष्ट आहे की वैद्य म्हणाला खाऊ घाला, तर आजारी नको म्हणत असला तरी खाऊ घालायचे. आजारी म्हणाला मला खायला हवे, तर शंभर वैद्य नको म्हणाले तरी ऐकायचे आजाऱ्याचे. दोन्ही बाजूंनी कल एकीकडेच, जिवाकडे. धोका नेमका केवढा हे ठरत नसेल तेव्हा मोठ्या खजुराएवढ्या मापाहून कमी खाणे, मध्ये थोडा वेळ जाऊ देणे, पुन्हा खाणे अशी रीत आहे. अर्वाचीन पंडितांनी त्याचे मिलिलिटर आणि मिनिटेही काढली: दर नऊ मिनिटांनी साधारण तीस मिलिलिटर. आपल्याला हे हास्यास्पद वाटेल. पण मधुमेही माणसाची साखर कुठे घसरते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या मोजमापातली करुणा कळेल. तोंडाने खायला नको म्हणून सलाइन लावून उपवास 'पार पाडण्याचे' बंधनही आजाऱ्यावर नाही, असे विसाव्या शतकातले मोशे फाइन्स्टाइन यांच्यासारखे निर्णयकार मानतात.

दोन शास्त्रांच्या वाटा वेगळ्या आहेत, हे नोंदवले पाहिजे. आपल्याकडे 'औषध' हा पदार्थच व्रताबाहेर ठेवला आहे. तिकडे 'खाणे' या क्रियेची व्याख्या इतकी तासली की औषध आपोआप बाहेर राहिले. आपल्याकडे अशक्ताच्या जागी मुलगा उपवास करू शकतो. योम किप्पूरला प्रतिनिधी नाही. म्हणूनच कदाचित तिथल्या आजाऱ्याच्या वाट्याला इतका सूक्ष्म विचार आला.

आईला मी अखेरीस हे सांगितले, पण माझ्या नावावर नव्हे. मोरोपंतांचे व्याही पंढरपूरचे, आणि त्यांच्या शास्त्रात औषधाने उपास मोडत नाही, असे सांगितले. पंढरपूर ऐकल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग विचारले, "आणि वर पाणी प्यायलं तर?" पाणी यादीत पहिले आहे, मी म्हणालो. त्या एकादशीला तिने गोळी घेतली, आणि खिचडी मात्र केली नाही.